मंडईतली मुनसफी

भाऊबीज उजाडली, की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, अशी ती पाळी पुढे कित्येक दिवस चालते. हलक्या धानाची कापणी बहुतेक उरकलेली असते आणि भारी धान अजून बांधीत उभे असते; लेकी-जावई पाहुणपणाला आलेले असतात; गोवारी मंडळी मोरपिसांनी सजविलेली ढाल घेऊन नाचत गावातून फिरतात; दिवसभर मिठाईच्या नि खेळण्यांच्या दुकानांपुढे पोरांची झुंबड उडते; आणि रात्र पडली, की गावच्या आखरावर दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. या उत्सवाच्या धार्मिक नि सामाजिक अंगांविषयी लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी थोडेबहुत लिहिले आहे. मला येथे लिहावयाचे आहे ते त्याहून पुष्कळ लहान गोष्टीविषयी, म्हणजे रात्रभर ऐकलेल्या गाण्याचे बरे-वाईट ठरविण्याची जी एक रीत या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिच्याविषयी. नव्या गीतसंग्रहांना, ज्यांना आता सर्रास अल्बम म्हणतात, पाचांपैकी साडेतीन तारका देऊन त्यांची संभावना करणारे रसिक आज घरोघर झाले आहेत. परंतु कर्कश, रांगड्या, प्रतिष्ठितांच्या बैठकीत ज्याला जागा नाही अशा संगीताची मुनसफी करण्याची विद्या आपण परदेशातून आणली, असा जो त्यांचा समज दिसतो, तो या जिल्ह्याच्या इतिहासाशी जुळत नाही.

खडी गंमत ही तमाशाचीच पूर्वेकडली आप्त. गण, गौळण, लावणी, सवाल-जवाब, मधूनमधून प्रहसन, असा तिचा क्रम. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि टाळ असा तिचा सरंजाम. बायकांची सोंगे पुरुषांनीच घ्यावयाची आणि नाच्या पोराने पायांत चाळ बांधून रात्र काढावयाची, हा तिचा जुना दंडक. पण गंमत एकट्या शाहिराची असली तर गाव तिला अर्धेच मोल देते. खरी गर्दी लोटते ती दोन शाहिरांच्या सामन्याला, ज्याला या भागात दुय्यम म्हणतात. मंडईची जाहिरात करताना दोन्ही शाहिरांची नावे समोरासमोर छापलेली असतात, आणि कोणत्या गावाने यंदा कोणाला कोणासमोर उभे केले, यावरून त्या गावच्या पंचांच्या रसिकतेची परीक्षा खेळ सुरू होण्याआधीच होऊन जाते.

दुय्यमीची रात्र जवळून पाहिल्याशिवाय तिच्यातला न्याय ध्यानात येत नाही. पहिला शाहीर गण आळवून झाल्यावर सहसा पुराणातला एखादा अवघड दुवा काढतो: अमुक राजाच्या यज्ञाला कोण आले नव्हते, अमुक शाप कोणी कोणाला कोणत्या कारणाने दिला, देह आधी की जीव आधी. प्रश्न नुसता विचारावयाचा नसतो. तो छंदात बांधून, चालीवर चढवून, शेवटच्या चरणात आपल्या गुरूचे नाव गुंफून समोरच्याच्या पुढ्यात टाकावयाचा असतो. दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे ते तितक्याच बंदिस्त रचनेत; अर्थ बरोबर आणि चाल लंगडी असेल तर त्याचे उत्तर ग्राह्य धरले जात नाही, आणि चाल डौलदार पण उत्तर टाळलेले असेल, तर पुढच्या रांगेत बसलेला एखादा म्हातारा, ज्याला लिहितावाचता येत असेलच असे नाही, तो खाकरून उठतो आणि मूळ प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगतो. त्या खाकरण्याइतके नेमके परीक्षण मी छापील मजकुरात फार थोड्या वेळा वाचले आहे. त्यानंतर बक्षिसाचा रुपया येतो. देणाऱ्याचे नाव घेऊन शाहीर त्याचे आभार मानतो, आणि कोणत्या कडव्यावर कोणाचा रुपया आला, हे साऱ्या गावाच्या समक्ष नोंदले जाते. निकालाचा कागद कोणी लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी बांधीवर कापणीला गेलेल्या बायाबापड्यांना निकाल ठाऊक असतो.

या सामन्याच्या मुळाशी कलगी आणि तुरा यांचा जुना वाद आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. आणि माया मोठी की ब्रह्म मोठे, हा वेदान्तातला प्रश्न डफाच्या तालावर, प्रसंगी एकमेकांची उणीदुणी काढीत, शतकानुशतके झगडला गेला आहे. महाराष्ट्राप्रमाणेच तो माळव्यात आणि राजस्थानातही नांदतो. त्याच्या उत्पत्तीची जी दंतकथा तिकडे सांगतात ती मोठी मार्मिक आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर चंदेरीच्या दरबारात एकमेकांसमोर गायला बसले. एकाने शिवाची बाजू घेतली, दुसऱ्याने शक्तीची. आणि राजाला त्यांच्यात डावे-उजवे करता येईना, तेव्हा त्याने आपल्या पागोट्यावरचा तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. ऐतिहासिक पुरावा म्हणून या कथेचे मोल फारसे नाही. तथापि ज्या परंपरेला आपल्या आरंभीच न्यायाधीश निरुत्तर झाल्याचे सांगावेसे वाटते, आणि त्या निरुत्तर होण्यातूनच दोन संप्रदाय जन्मल्याचा अभिमान वाटतो, तिने रसनिर्णयाविषयी काही विचार केलेला आहे, एवढे तरी मान्य करावयास हरकत नसावी.

भंडाऱ्यात राजाच्या जागी मालगुजार होता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी जमाबंदीचा जो बंदोबस्त केला, त्याने गावचा सारा वसूल करणाऱ्याला गावाचा मालक करून टाकले. आणि तळी, बोड्या, आमराया, पडीत यांच्याबरोबर गावातील करमणुकीची मालकीही बहुधा त्याच्याकडेच आली. जिल्ह्यातील शेकडो जुने तलाव अद्याप मालगुजारी तलाव म्हणूनच ओळखले जातात. शाहिराला बिदागी मालगुजाराने द्यावी, त्याच्यासाठी पुढे लोड-तक्क्या मांडावा, आणि त्याने मान डोलविली म्हणजे मागच्यांनी वाहवा म्हणावे, हा शिष्टाचार झाला. परंतु शिष्टाचार आणि अभिरुची या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लोडाला टेकलेल्या मालकाला स्तुतीचे कवन आवडावे आणि मागे घोंगडीवर बसलेल्या कुळांना मालकाला बगल देऊन टाकलेली कोटी आवडावी, ही ओढाताण दुय्यमीच्या रचनेतच होती. कारण दोन शाहिरांपैकी एकाने मालकाची बाजू घेतली, की दुसऱ्याला मागच्या लोकांची बाजू आयतीच मोकळी मिळत असे. 1950 च्या कायद्याने, भंडारा तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशातील मालगुजारी नष्ट झाली आणि 1951 च्या मार्चअखेर तिचा अंमल सुरू झाला. त्यानंतर बिदागी वर्गणीतून येऊ लागली, लोड-तक्क्या गेला, आणि निर्णय एका मानेवरून अनेक मानांवर आला. हा पालट चांगलाच झाला, असे मी म्हणतो. मात्र त्याबरोबर ज्या खोडी आल्या, त्यांचाही हिशेब पुढे द्यावा लागेल.

छापील टीकेने या सगळ्याकडे पाहिले नाही. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाडे छापले तेव्हा त्यांची दृष्टी ऐतिहासिक पुरुषांच्या पराक्रमावर होती. लावणीला विद्वानांच्या दिवाणखान्यात बसावयास जागा मिळाली ती फार पुढे, 1956 मध्ये म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ आणि य. न. केळकरांचे ‘अंधारातील लावण्या’ प्रसिद्ध झाले त्या सुमारास. आणि तीही मुख्यतः पेशवाईतल्या, देशावरच्या शाहिरांची लावणी. गायनाच्या परीक्षणाचा मराठीतला खरा कारागीर म्हणजे केशवराव भोळे. मूळचे अमरावतीचे, म्हणजे वऱ्हाडाच्या मातीतले. ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गवयांवर जे लिहिले, त्यात आवाजाची जात, श्वासाची धाटणी, तानेचा उगम यांचे इतके सूक्ष्म वर्णन आहे, की तो गवई न ऐकलेल्या माणसालाही तो ओळखीचा वाटावा. पुढे 1961 मध्ये वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’ने घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीची मीमांसा केली. ही दोन्ही कामे थोर आहेत. पण त्यांचा श्रोता बैठकीतला. गायकाला मध्येच थांबवून उलट प्रश्न घालण्याचा हक्क त्या श्रोत्याला नाही, आणि मागण्याची त्याची इच्छाही नाही.

ध्वनिमुद्रिकेने तर उरलासुरला संबंधही तोडला. 1902 मध्ये एका इंग्रजी कंपनीच्या गेसबर्ग नावाच्या माणसाने कलकत्त्यात हिंदी गायिकांचे आवाज मेणावर उतरविले, 1908 च्या सुमारास डमडमला तबकड्या निघू लागल्या, आणि चार चार घटका चालणारे गाणे तीन मिनिटांच्या एका बाजूत मावविण्याची कसरत सुरू झाली. सवाल-जवाबाचे स्वरूप असे, की सवाल तबकडीत मावतो पण जबाब देणारा मावत नाही. लावणी तबकडीवर गेली ती एकटीच गेली. तिच्यासमोर उभा राहणारा प्रतिपक्षी, खाकरणारा म्हातारा, नाव पुकारून दिलेला रुपया, हे सर्व ध्वनिमुद्रणशाळेच्या दाराबाहेर राहिले. मग त्या तबकडीविषयी बरे-वाईट कोणी सांगावे? ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने, आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने. मुद्रित गाण्याचा परीक्षक म्हणून जो नवा हुद्दा जगभर निर्माण झाला, तो या रिकाम्या जागेवर.

पाश्चात्त्यांच्या रॉक संगीतात हा हुद्दा फार उशिरा, पण फार डामडौलाने आला. पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 1966 मध्ये ‘क्रॉडॅडी’ नावाचे नियतकालिक काढले. पुढल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ निघाले. 1969 पासून रॉबर्ट क्रिस्टगाव हा न्यूयॉर्कचा लेखक एकेका अल्बमला शाळामास्तराप्रमाणे श्रेणी देऊ लागला. आणि लगोलग या न्यायासनाची फजितीही सुरू झाली. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम 1967 च्या जूनमध्ये आला तेव्हा रिचर्ड गोल्डस्टीनने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याच्यावर सपशेल प्रतिकूल लिहिले, वाचकांच्या रागाच्या पत्रांचा पाऊस पडला, आणि त्या तरुण समीक्षकाला दुसऱ्या पत्रात कैफियत मांडावी लागली. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम 1969 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने निकालात काढला होता, त्याच वाद्यवृंदाचे गुणगान पुढे त्याच पत्रात चालले. हे प्रमाद मी परीक्षकांना खिजविण्यासाठी सांगत नाही. कोणत्याही काळी नवे गाणे ऐकणारा कान जुन्या गाण्यांनी घडलेला असतो, त्यामुळे पहिला निकाल चुकावा यात नवल नाही. नवल एवढेच, की त्या व्यवस्थेत निकाल चुकल्यावर फिर्याद दाखल करण्याची सोय टपालाशिवाय दुसरी नव्हती. वाद्यवृंदाने परीक्षणाला उत्तर द्यावयाचे झाले, तर पुढला अल्बम निघेपर्यंत एक-दोन वर्षे वाट पाहावयाची. भंडाऱ्याच्या शाहिराला ते उत्तर ढोलकीचा हात बदलेपर्यंत द्यावे लागे.

हिंदुस्थानात रॉकच्या अशा परीक्षणाला जागा मिळाली ती 1967 ते 1977 या काळात कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘ज्युनियर स्टेट्समन’ या तरुणांच्या साप्ताहिकात. सिगरेटच्या जाहिरातीखातर भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतील वाद्यवृंदांच्या तबकड्या 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या; मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा अल्बम 1988 मध्ये आला; आणि 1993 मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढले ते मुंबईतून किंवा बंगलोरातून काढले नाही, अलाहाबादेतून काढले. ही शेवटली गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. महानगरांतून दूर, जेथे तबकड्या मिळावयाची मारामार, तेथल्याच माणसाला मतांचे पत्र काढावेसे वाटावे, याचे कारण मतांची खरी भूक आडवळणाला असते. त्या भुकेची जात भंडाऱ्याच्या वाचकाला परकी वाटू नये.

आता खोडींचा हिशेब. मंडईचा न्याय नेहमी शहाणाच असतो, असे सांगून मी माझ्या जिल्ह्याची खुशामत करणार नाही. वर्गणी देणारा गाव हा राजापेक्षा उदार असला, तरी राजापेक्षा सुसंस्कृत असेलच असे नाही. 1948 मध्ये नागपूरला आकाशवाणीचे केंद्र निघाले. 1952 पासून सिलोनहून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकू येऊ लागली. आणि बघता बघता शाहिराच्या चालींत सिनेमाच्या चालींनी बिऱ्हाड केले. तुऱ्याच्या पक्षाने घातलेल्या कोड्याचे पाचपेची उत्तर देणारा, उभ्या आयुष्यात पाठांतर केलेला शाहीर मागे पडावा आणि त्या आठवड्यातल्या सिनेगीतावर द्व्यर्थी शब्द बसविणाऱ्यावर रुपयांचा वर्षाव व्हावा, हा अन्याय आखरावर डोळ्यांदेखत झालेला आहे. ज्या नाच्याच्या पायांवर रात्र उभी राहिली त्याची दिवसा टवाळी करणे, हीही याच रसिक गावाची रीत. आणि स्त्रिया? त्या मागे, अंधाराच्या कडेला बसत. त्यांच्या मताचा रुपया पुढे आल्याचे क्वचितच ऐकले जाई, जरी दुसऱ्या दिवशी बांधीवर जी गाणी कापणीला गुणगुणली जात, त्यांची निवड त्यांनीच केलेली असे. त्या निवडीला मी अंतिम अपील मानतो.

या न्यायाला सर्वांत कडक हरकत घेतली ती जलशाने. सत्यशोधक जलशाने गणपतीच्या गणाची आणि कृष्णाच्या गौळणीची जागा आधीच हलविली होती. आंबेडकरी जलशाने तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून आतला प्राण पालटला. भंडाऱ्यात या चळवळीला स्वतःचे एक स्मरण आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. पुढे दोनच वर्षांनी नागपूरला धर्मांतर झाले आणि वैनगंगेच्या काठची असंख्य कुटुंबे बुद्धाला शरण गेली. त्यांच्यातले गायक, ढोलकीवाले, सोंगाडे जुन्या गंमतीतून उठून नव्या गाण्याकडे वळले. टीकाकार म्हणून पाहिले, तर जुन्या कलाप्रकारावर इतका समूळ अभिप्राय दुसऱ्या कोणी दिलेला नाही. निबंधात त्यांना दोष दाखवीत बसावे लागले नाही. तीच ढोलकी, तोच डफ, आणि देवाच्या स्तवनाच्या जागी बुद्धाचे नि भीमाचे स्तवन. दुय्यमीचा नियम त्यांनी पाळला: उत्तर द्यावयाचे ते गाण्यातच.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाच्या, संपत्तीची दखल अलीकडे घेतली जाऊ लागली आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि येथील लोकरंगभूमी यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले. 2023 मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली. 1999 च्या 1 मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी शाहिरांच्या दुय्यमीने ती हद्द मानलेली नाही. एक भंडाऱ्याचा आणि एक गोंदियाचा, अशी जोडी आजही समोरासमोर उभी राहते. मात्र एक नवी आपत्ती कॅसेटच्या काळात आली आणि भ्रमणध्वनीच्या काळात बळावली. कॅसेट निघे ती एका शाहिराची. आता रात्रभराच्या सामन्यातून जी चित्रफीत कापून फिरविली जाते तीही एकाच पक्षाची. समोरच्याचा सवाल कापला जातो, म्हातारा खाकरला तो भाग गोंगाट म्हणून गाळला जातो, बक्षिसाच्या पुकाऱ्याला कंटाळवाणा समजून तोडतात. आणि जे उरते ते सुंदर गाणे असूनही त्यावर मत देण्याचे साधन त्यात राहत नाही. त्याखाली मग लोक ‘छान’ असे लिहितात. चंदेरीच्या राजाला दोघांतून निवड करता आली नाही, पण त्याने निदान दोघांनाही ऐकले होते.

म्हणून यंदाच्या मंडईला जे जाणार असतील, आणि ज्यांच्या खिशात चित्रण करणारे यंत्र असेल, त्यांना एवढीच विनंती आहे, की ते यंत्र एका शाहिरावर रोखून ठेवू नका. सवाल सुरू झाल्यापासून जबाब संपेपर्यंत सलग घ्या, मधला गोंगाट राहू द्या, दोन्ही शाहिरांची, त्यांच्या गुरूंची आणि गावाची नावे नि तारीख लिहून ठेवा. आणि सकाळी घरच्या बायकांना विचारा, की रात्रीचे कोणते गाणे त्यांच्या ध्यानात राहिले. तेही त्याच कागदावर उतरवा.